वज्रकवचाचं पान

१

उल्का मेली रविवारी दुपारी, आणि तिच्यापायी मायाताई तायडेंच्या डोक्याला सोमवारी सकाळी ताप झाला.

मायाताई दस्तलेखक होत्या. अमरावतीत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून गेली बावीस वर्षं त्या लोकांची खरेदीखतं आणि बक्षीसपत्रं लिहीत होत्या. मे महिना होता. डोक्यावर पत्रा तापला होता, टेबलफॅन गरम हवा इकडची तिकडे करत होता, आणि समोर भातकुलीचे दोन सख्खे भाऊ दस्तात 'विहिरीसह' लिहायचं की 'विहिरीच्या पाण्यासह', यावरून पाऊण तास भांडत होते. अशात मायाताईंचा धाकटा भाऊ सुगत बँकेतून रजा टाकून आला आणि सुजल्या डोळ्यांनी समोर उभा राहिला.

"ताई, उल्का मेली."

मायाताईंचा हात थांबला. "कोण उल्का? केव्हा?"

"आरतीची जादूगारीण. काल राक्षसानं मारलं तिले."

मायाताईंनी भातकुलीकरांकडे पाहिलं. भातकुलीकरांनी एकमेकांकडे पाहिलं. पाऊण तासात पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालेलं दिसलं.

खेळाचं नाव काळदरी. अकरा वर्षांपूर्वी नितेश नावाच्या अकोटच्या मित्राने तो रचला आणि त्याचे सगळे नियम एका जाड रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहून काढले. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचं बळ, हत्यारं आणि मंत्र एका कागदावर मांडायचे आणि फासे टाकत ते पात्र काळदरीतल्या संकटांतून न्यायचं. संकटं आणणारा आणि निवाडा देणारा तो पंच. अकरा वर्षं पंच सुगतच होता. पुढे नितेश जिनिंगच्या नोकरीत अडकला आणि खेळातून गेला. आता अमरावतीची आरती आणि अकोल्याहून येणारे भावना आणि गोपाल असे तिघं खेळायचे. मेलेलं पात्र परत येत नाही, त्याचा कागद सर्वांसमोर फाडतात, असा नियम होता.

चांगले पस्तिशी-चाळिशीचे, नोकरीधंद्याचे लोक हे. मायाताईंना ही सगळी थेरं वाटत. पण लग्न मोडल्यापासून सहा वर्षं सुगत धड हसायचा-बोलायचा तो त्या एका टेबलावर, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या गप्प बसत.

"मेली तं मेली," त्या म्हणाल्या. "फाडा कागद अन् मोकळे व्हा."

"फाडूनच राहिलो होतो. तं आरतीनं रजिस्टर ओढून घेतलं. ताई, ज्या पानावरून मी निवाडा दिला ते पान नितेशचं नाई. कोणीतरी जुनं कापून दुसरं चिकटवलं. अन् रजिस्टर महिनाभर माह्या घरी होतं."

"मंग?"

"मंग काय? मले बेइमान ठरवलं. येत्या रविवारी नवा पंच निवडून राहिले ते."

२

संध्याकाळी सुगतच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मायाताईंनी चष्मा चढवून रजिस्टर उघडलं. नियमांची पानं निळ्या शाईने भरली होती. एक्केचाळिसावं तेवढं छापील. जुनं पान ब्लेडने शिवणीजवळ कापून उरलेल्या पट्टीवर नवं डिंकाने चिकटवलं होतं. काम इतकं सफाईदार की लबाडी असूनही मायाताईंना कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्याचा राग आला.

पानावर लिहिलं होतं: 'वज्रकवच. हा मंत्र म्हणण्यास तीन पाळ्या लागतात. जादूगाराचा मंत्र म्हणून झाल्यावर त्याला वार लागत नाही.'

"काल काय झालं ते सांग," मायाताई म्हणाल्या. "थोडक्यात."

सुगतला थोडक्यात जमत नसे. राक्षसाचा रंग, दरीतला वारा, त्याची गदा, सगळं झालं. मुद्दा एवढाच होता की उल्काने वज्रकवच म्हणायला घेतलं आणि तीनपैकी दुसऱ्या पाळीतच राक्षसाने गदा मारली. आरती म्हणाली, मंत्र चालू आहे, वार लागत नाही. भावना म्हणाली, नियम पाहा. सुगतने हे पान वाचलं. मंत्र अजून म्हणून झाला नव्हता, म्हणून वार लागला आणि उल्का मेली.

"हा नियम आधी कधी पाह्यला नव्हता तुमी?"

"वज्रकवच सातव्या पायरीच्या जादूगारालेच मिळते. अकरा वर्षांत तिथवर कोणीच पोचलं नव्हतं. नितेशनं लिहिलं तेव्हापासून ते पान कोणी उघडलं असंन असं मले वाटत नाई."

"अन् रजिस्टर कोणाकोणाकडे होतं?"

"पाळीपाळीनं. जानेवारीपासून गोपाल, मंग भावना, मंग आरती, मंग मी."

मायाताईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. दस्तात कुणी असं वाक्य आणलं असतं तर त्यांनी ते तोंडावर फेकलं असतं. "मंत्र झाल्यावर वार लागत नाई, म्हणजे किती वेळ? मरेपर्यंत? अन् वारच लागत नाई तं मरणार कसा?"

सुगतचा चेहरा उजळला. "तेच तं! एकदा मंत्र म्हटला की माणूस अमर. असा बावळट नियम नितेश लिहीन काय?"

मायाताईंना एक गोष्ट खटकली. जो लबाडी करतो तो स्वतःच्या फायद्याचं लिहितो. हे लिहून कुणाचाच फायदा नव्हता. उल्का याच मंत्राला हात घालेल आणि त्याच वेळी राक्षस गदा मारेल, हे महिनाभर आधी कुणाला ठाऊक असणार?

मग पान बदलणाऱ्याला हवं तरी काय होतं?

३

आरती एका तपासणी प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि माणसांनाही त्याच नजरेने पाहायची. गुरुवारी दुपारी तिने आपल्या घरी मायाताईंसमोर गिला वडा ठेवला आणि आधी खाऊ दिला, मग तोंड सोडलं.

"तुमचा भाऊ हाये म्हणून कमी बोलून राहिली मी, मायाताई. अकरा वर्षं मी त्या पोरीले एकेक पायरी चढवली. माह्या घरचे हसत, तरी रविवार सोडला नाई. अन् शेवटी नकली पानावर मारलं तिले? पंचावर भरोसा नाई तं खेळ कायचा?"

"सुगतनं बदललं असं वाटते तुले?"

आरतीने रिकामी प्लेट बाजूला सरकवली. "रजिस्टर त्याच्याच कपाटात होतं," ती हळू आवाजात म्हणाली. मग जोर करून म्हणाली, "नाईतर भावना. बारा वर्षं पुण्यात राह्यली, शाळेची पुस्तकं तपासायची. तीन वर्षांखाली वापस आली, तेव्हापासून आमची भाषा सुधरवून राहिली. पानावरचं मराठी पाहा ना, एकदम तिच्यासारखं. आमच्यातलं कोणी असं बोलते काय?"

आरतीने पहिल्या वर्षापासूनचे सगळ्यांचे कागद एका फायलीत जपून ठेवले होते. मायाताईंनी ते चाळले. खेळातलं काही कळत नव्हतं. बावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी नुसती नावं तपासली. पहिल्या वर्षीच्या चार कागदांवर, पंचाच्या नोंदींच्या कागदासकट, चौघांनी आपापल्या अक्षरात नावं लिहिली होती: आरती, सुगत, नितेश, गोपाळ. दुसऱ्या वर्षीही तेच चार जण, तीच अक्षरं: आरती, सुगत, नितेश, गोपाल.

"रविवारी सगळे इथंच येणार ना?" त्यांनी विचारलं.

"तीन वाजता. अन् सुगत आला नाई तं समजून जाऊ आमी."

तो येणारच नव्हता. सकाळीच तो मायाताईंना म्हणाला होता की रजिस्टर तुम्हीच नेऊन द्या, मला त्या टेबलाचं तोंड पाहायचं नाही.

४

शनिवारी शेडला सुट्टी होती, आणि त्या सुट्टीत पाय पसरून झोपायचं सोडून मायाताई एसटीने अकोल्याला निघाल्या. खिडकीची काच बंद केली तर जीव गुदमरायचा, उघडली तर उन्हाची लू तोंड भाजायची. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी नितेशला, त्याच्या राक्षसाला आणि जगातल्या समस्त जादूगारांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

भावनाने दारात हसून स्वागत केलं. बोलणं अगदी इस्त्री केलेलं. "मुद्रितं तपासण्याचं काम केलंय मी, त्यामुळे चूक दिसली की हात शिवशिवतो, हे कबूल करते. पण त्या रजिस्टरमध्ये मी एक काना-मात्रासुद्धा बदलला नाही."

"तुमच्या टेबलावर प्रिंटर आहे."

"अकोल्यात शंभर ठिकाणी प्रिंटर असतील, ताई."

"पण बाकी कुणी पुस्तकं तपासत नाही. आणि वार लागतो असं पहिल्यांदा तुम्हीच म्हणालात."

"मी फक्त नियम पाहा म्हणाले."

"पान कापताना वाटलं नाही, कुणाला कळेल?"

भावनाचा चेहरा लाल झाला. "मी खरं सांगून राहिली तुमाले! अर्ध्या घंट्यापासून तेच तेच काहून विचारून राहिल्या तुमी?"

ती एकदम थांबली, ओढणी सावरली आणि पुन्हा पुस्तकी झाली. "क्षमा करा. पाणी आणते."

मायाताईंना हसू आलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

गोपालचं कापडाचं दुकान बाजारात होतं. मायाताईंना पाहताच तो गादीवरून उठला. "या ताई, बसा! पंख्याखाली बसा. मले परकं समजू नका. पाणी आणाले सांगतो, चहाले सांगतो."

"सुगतचं ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं म्हणजे काय, आठवडाभर मी तोच विचार करतोय. सुगतले मी भावावाणी मानतोय, ताई. लोक त्याच्यावर काहून संशय घेतायत, मले समजतच नाई."

"पान कुणी बदललं असेल?"

गोपालने एक ठाण उगाच उलगडलं आणि पुन्हा गुंडाळलं. "मले काय माहीत? पण मी म्हणतोय, पान बदललं म्हणजे नियम बदलला असं कोनी सांगितलं? आतलं तेच असेल. मंग एवढा गोंधळ काहून घालतायत सगळे?"

"आतलं तेच आहे, हे कुणाला माहीत असणार?" मायाताईंनी विचारलं.

चहा आला. गोपालने तो त्यांच्या हातात दिला आणि यंदाच्या उन्हाबद्दल बोलू लागला.

५

अकोल्याच्या बसस्थानकावर उसाचा रस पीत असताना नितेशचा फोन आला. काळदरीची कच्ची वही शोधायला मायाताईंनी त्याला सोमवारपासून पिटाळलं होतं.

"सापडली, ताई! माळ्यावर पोत्याखाली होती. फोटो पाठवून राहिलो. अन् भाषा पाहा माही! एकही वऱ्हाडी शब्द नाई. 'ले' कुठीच येऊ दिला नाई, सगळीकडे 'ला' लावला. एकदम पुस्तकी काम."

"तुह्या भाषेचं मी लोणचं घालू काय? नियमाचा अर्थ काय होता, ते सांग."

"तिथं लिहिलं तोच! साफ लिहून ठेवलं हाये."

फोटो आला. नितेशचं ठसठशीत अक्षर. 'हा मंत्र म्हणण्यास तीन पाळ्या लागतात. जादूगार मंत्र म्हणून राहिला असेल तर त्याला वार लागत नाही.'

मायाताईंनी ते डोळ्यांनी एकदा वाचलं. काहीच अडलं नाही. मग त्यांनी छापील पानावरचं वाक्य आठवलं आणि हे पुन्हा वाचलं, या वेळी शहाणपण बाजूला ठेवून, एकेक शब्द सुटा करत.

"अरे कर्मा," त्या म्हणाल्या. बाकावरच्या बाईने वळून पाहिलं.

पान कुणी बदललं ते त्यांना कळलं होतं.

६

रविवारी तीन वाजता मायाताईंनी सुगतला अक्षरशः दंडाला धरून आरतीच्या घरात आणलं. कूलर घरघरत होता. टेबलाभोवती आरती, भावना आणि गोपाल बसले होते. सुगतशी कुणी बोललं नाही. तो भिंतीजवळच्या स्टुलावर बसला. पंचाची खुर्ची रिकामीच राहिली.

मायाताईंनी कच्च्या वहीतल्या पानाच्या चार प्रती आणि चार कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. "हा मूळ नियम. मोठ्यानं वाचायचा नाही. डोळ्यांनी वाचा आणि अर्थ लिहा. वार केव्हा लागत नाही?"

"शाळा घेऊन राहिल्या काय, ताई?" आरती करवादली. पण लिहिलं.

मायाताईंनी चिठ्ठ्या उघडल्या. "'मंत्र म्हणत असताना.' 'मंत्र चालू असताना.' 'म्हणत आहे तोवर.'" त्यांनी चौथी उघडली. "'मंत्र म्हणून झाल्यावर.'"

आरती आणि सुगत, दोघांनीही भावनाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहता? माझी पहिली आहे!" भावना म्हणाली.

"चौथी माही," गोपाल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आठवड्याभराचं ओझं उतरल्यासारखं समाधान होतं. "पाहा, मी म्हणत होतो ना? छापील पानावर आहे तेच यात आहे! नियम बदललाच नाई!"

आरती त्याच्याकडे बघतच राहिली. "गोपाल, 'म्हणून राहिला' म्हणजे म्हणून राहिला ना बे. अजून म्हणणं चालू हाये. 'मी जेऊन राहिलो' म्हणजे तू जेवून उठला काय?"

गोपालने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. त्याचे ओठ हलले. मग कागद टेबलावर पडला.

"ऐका," मायाताई म्हणाल्या, "एकदाच सांगते, मला या गोष्टीचा वीट आला आहे. हे पान बदलणाऱ्याला काहीच बदलायचं नव्हतं. त्याने जे वाचलं तेच स्वच्छ करून लिहिलं. पण त्याने वाचलंच चुकीचं. इथं जन्मलेल्या माणसाला 'म्हणून राहिला' याचा दुसरा अर्थ सुचतच नाही. नितेशला वाटलं आपण पुस्तकी लिहिलं. त्याने 'ले' वेचून काढला, पण 'राहिला' तसाच राहिला, कारण तोही वऱ्हाडी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. म्हणजे पान बदलणारा बाहेरचा. मला वाटलं भावना. पण तिला राग आणला तर ती 'सांगून राहिली' म्हणाली. गोपाल बोलताना 'मले' म्हणतो, 'काहून' म्हणतो, पण अख्ख्या भेटीत एकदाही 'करून राहिलो' म्हणाला नाही. 'करतोय', 'मानतोय', 'घेतायत'. आणि पहिल्या वर्षी तो नाव लिहायचा गोपाळ."

"पण अकरा वर्षं ऐकून राहिला ना तो आमचं," आरती म्हणाली.

"कानाने कळतं त्याला. म्हणूनच वाचून दाखवलं नाही मी. कागदावर पुस्तकी मराठी दिसलं आणि त्याने गावाकडच्या डोळ्यांनी वाचलं."

गोपालने टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला.

"फलटण," गोपाल म्हणाला. आवाज तोच, पण बोलणं वेगळंच निघालं. "माझं गाव फलटण. मामाच्या दुकानात कामाला आलो होतो. पहिल्या रविवारी मी 'मला पाणी देता का' म्हणालो आणि तुम्ही सगळे हसलात. पुणेकर म्हणालात. तुम्ही विसरलात, मी नाही विसरलो. महिन्याभरात 'मले' शिकलो आणि नावाचा 'ळ' काढून टाकला. जानेवारीत रजिस्टर घरी होतं. जेवताना वाचायची खोड आहे मला. वांग्याच्या भाजीचा रस्सा त्या पानावर सांडला. पुसायला गेलो तर शाई पसरली. लाज वाटली, म्हणून नवं करून चिकटवलं. नियम बदलला हे मला आत्ता कळतंय, आईशप्पथ."

"तेवढं माफ," मायाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "पण पान आपण चिकटवलं हे तर ठाऊक होतं ना? सात दिवस माझ्या भावाला बेइमान म्हणत होते हे लोक. तो जेवत नव्हता. आणि तुम्ही मला चहा पाजून 'भावावाणी मानतोय' सांगत होता."

गोपालने मान खाली घातली. फाईल उघडून त्याने स्वतःच्या पात्राचा कागद काढला, टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि उठला. "फाडा. मी निघतो. सुगत, चुकलो."

सुगतच्या आधी आरती बोलली.

"कोण हाकलून राहिलं तुले?" तिने कागद उचलून त्याच्या छातीवर आपटला. "बस खाली! फलटणचा हाये म्हणे. अकरा वर्षं माह्या घरचे वडे खाल्ले, तेव्हा सुचलं नाई सांगाले?"

गोपाल बसला.

मायाताई वाट पाहत राहिल्या. गोपालखेरीज सुगतची माफी अजून कुणी मागितली नव्हती, आणि ती घेतल्याशिवाय त्या या घरातून हलणार नव्हत्या. मुख्य म्हणजे आरतीने ती मागायला हवी होती. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात भावनाने पेन काढलं होतं.

"पान नव्याने लिहायला हवं. 'जादूगार मंत्र म्हणत असताना त्याला वार लागत नाही.' आता कुणालाच शंका नको." ती थांबली. "पण श्वास घेताना?"

"काय श्वास?" आरतीने विचारलं.

"तीन पाळ्यांचा मंत्र एका दमात होत नाही. मध्ये श्वास घ्यावा लागणार. त्या क्षणी तो म्हणत नसतो."

"अवं, पण मंत्र चालूच असते ना!"

"वाक्यात 'चालू' नाही, 'म्हणत' आहे."

"नेमकं आहे तिचं," गोपाल पुटपुटला.

"तू तं बोलूच नको!"

तिघं एकदम बोलू लागले. मायाताईंनी कपाळ धरलं. विहिरीसह आणि विहिरीच्या पाण्यासह. सगळं जग या एका रोगाने पछाडलं होतं आणि दर वेळी औषधाला त्यांनाच उठवत होतं.

मग आरतीने टेबलावर हात आपटला आणि भिंतीकडे वळली. "पंच, तुमीच सांगा. लागते का नाई?"

तिघंही सुगतकडे पाहत होते. स्टुलावर तो क्षणभर तसाच बसला. मग उठून पंचाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि रजिस्टर पुढे ओढलं.

"लागते," तो म्हणाला. "श्वास घेताना लागते. राक्षसानं गदा मारली तेव्हा उल्का म्हणत होती का श्वास घेऊन राहिली होती, ते फासा ठरवीन. एक पडला तं श्वास. म्हणजे मेली. बाकी काही पडलं तं जिवंत."

उल्का नियमाने जिवंत ठरली होती. या निवाड्याने ती पुन्हा एका फाशावर आली. मायाताईंना वाटलं, आता आरती घर डोक्यावर घेणार.

आरतीने सुगतकडे एकदा नीट पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि फासा उचलला.